चित्रकाराने हातमोजे कशाला घालावेत?

माझ्या नणंदेने परवा दुपारच्या जेवणाआधी तीनदा डीपी बदलला. पहिला पैठणीतला, दुसरा गॉगल लावून महाबळेश्वरचा, तिसऱ्यात नुसती पाठ आणि पलीकडे सूर्यास्त. फॅमिली ग्रुपवर लगेच नाकं मुरडली गेली. माझंही त्यात होतंच. मग भांडी घासता घासता मनात आलं, हिने तीनच तर बदलले! एका डच बाप्याने स्वतःची ऐंशीच्या घरात चित्रं करून ठेवलीत. तेलरंगात केली, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली, कागदावर रेखाटली. त्याला कुणी 'स्वतःचं फार कौतुक' म्हणत नाही. त्याच्या नावाने संग्रहालय आहे.

तेव्हा आज या मंडळींची उणीदुणी काढूच. चहा टाकलाय.

मला सगळ्यात आधी धरायचाय तो न्यूरेंबर्गचा आल्ब्रेख्त ड्यूरर. सोनाराचा मुलगा. तेराव्या वर्षी, म्हणजे 1484 साली, आरशासमोर बसून त्याने स्वतःला काढलं. एवढंसं पोर, कौतुकच वाटतं. पण पोर वाढलं तरी आरसा काही सुटेना. बाविसाव्या वर्षी पुन्हा काढलं, या खेपेला हातात एक काटेरी रोपटं धरून. ते रोपटं नवऱ्याच्या निष्ठेची खूण, चित्र होणाऱ्या बायकोसाठी केलेलं, असं सांगतात. 1494 मध्ये आग्नेसशी लग्न झालं. आणि वर्ष पुरं व्हायच्या आत स्वारी बायकोला घरी ठेवून इटलीच्या वाटेला लागली, असंही तेच लोक सांगतात. झालं का निष्ठेचं रोपटं!

परत आला तो दुसराच कोणीतरी होऊन. 1498 चं त्याचं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे, ते जरा निरखून बघा. डोक्यावर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची टोपी. खांद्यावर रुळणाऱ्या बटा, एकेक बट मोजून घ्यावी अशी. सदऱ्याचा गळा खोल, त्याला सोनेरी किनार. खांद्यावरचा झगा पिळदार दोरीने बांधलेला. मागे खिडकी, खिडकीत बर्फाचे डोंगर, म्हणजे आम्ही परदेशी जाऊन आलो हे कळायला हवं ना. इथवर मी सोसलं. पण हात? हातांत राखाडी, मऊ चामड्याचे हातमोजे! अहो, चित्रकार ना तू? रंग खलायचे, तेल कालवायचं, नखांत निळं-पिवळं अडकायचं, आणि हा हातमोजे घालून बसलाय, जणू आत्ताच घोड्यावरून उतरलाय आणि हिशेब कारकून बघतोय.

यामागचं दुखणं त्याच्या गावात होतं. न्यूरेंबर्गात चित्रकार म्हणजे कारागीर. सुतार, लोहार, चांभार यांच्या पंगतीतला. इटलीत मात्र चित्रकाराला सरदार-दरकदारांत बसायला मिळे. पुढे व्हेनिसहून त्याने मित्राला तसं लिहूनही टाकलं, की इथे मी सभ्य गृहस्थ आहे आणि घरी मात्र आयतं खाणारा. म्हणून हातमोजे. हा हात कामाचा नाही, असं त्याला गावाला ठणकावून सांगायचं होतं. ते सांगायला चित्र मात्र त्याच हाताने काढावं लागलं!

एवढ्यावर थांबेल तर तो ड्यूरर कसला. 1500 साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने स्वतःला थेट समोरून काढलं. केस खांद्यांवर, नजर रोखलेली, मागे काळोख, बोटं कोटाच्या केसाळ कॉलरशी. असं सरळ समोरून तेव्हा चितारत ते येशू ख्रिस्ताला. आता बोला! त्याच्या दाढीवरून तर त्याचे स्वतःचे मित्रच पत्रांतून टिंगल करायचे. हे चित्र म्युनिकला आहे. मात्र आता हातमोजे गेलेत, बोटं उघडी आहेत. ती बोटं काय सांगतात, याची मला आजही खात्री नाही. बहुधा असं, की देवही हातानेच घडवतो.

तर माझं म्हणणं एवढंच, की आत्मचित्रात चेहऱ्याकडे बघू नये. चेहरा सगळ्यांचाच शहाणा, खोल, दुःखी वगैरे असतो. फोटो काढताना आपण नाही का गाल आत ओढत? हात बघावेत. त्याला कारण आहे. आरशासमोर बसलं की तोंड गप्प राहतं, पण कुंचला धरलेला हात सारखा हलत असतो. तो काही पोज देऊ शकत नाही. शिवाय आरसा उलटं दाखवतो. उजवा हात डावा होतो. व्हॅन गॉगने 1889 मध्ये कानाला पट्टी बांधून स्वतःला काढलं. कान कापलेला डावा, पट्टी दिसते उजव्या कानावर. तेव्हा हाताचं काय करायचं हे प्रत्येकाला ठरवावं लागतं. दाखवायचा, लपवायचा की बदलायचा? आणि माणूस ठरवायला लागला की पोटातलं बाहेर पडतंच. पार्मिजानीनो नावाच्या विशीतल्या पोराने 1524 च्या सुमाराला फुगीर आरशात बघून चित्र केलं. त्यात पुढचा हात चेहऱ्यापेक्षा मोठा आलाय, आणि त्याने तो तसाच ठेवला. वर ते चित्र पोपला नजर केलं! नोकरी मागायला जाणारी माणसं साधारण आधी तोंड दाखवतात.

पण हाताचा खरा तमाशा बघायचा तर स्पेनच्या दरबारात चला. दिएगो व्हेलास्केस. 1656 चं त्याचं 'लास मेनिनास'. राजकन्या मधोमध, दासी, ठेंगणी माणसं, कुत्रा, आणि डावीकडे भल्यामोठ्या कॅनव्हासमागे हे स्वतः. राजकन्येच्या चित्रात घुसायची काही गरज? तर असो. त्याच्या छातीवर तांबडा क्रूस आहे बघा, सान्तियागोच्या सरदारपंथाचा. आता गंमत ऐका. तो मान त्याला मिळाला 1659 मध्ये! म्हणजे चित्र होऊन तीन वर्षांनी. क्रूस मागाहून रंगवलाय. राजाने स्वतः रंगवला, अशीही एक दंतकथा आहे, पण राजांच्या नावावर काय वाट्टेल ते खपतं.

आणि तो मान मिळवायला काय काय करावं लागलं! त्या पंथाला हाताने कमावून खाणारा माणूस चालत नसे. मग चौकशी बसली, शंभरावर साक्षीदार झाले, आणि बाकीचे चित्रकार येऊन सांगू लागले की छे छे, व्हेलास्केसने दुकान कधी घातलंच नाही, चित्रं विकलीच नाहीत, राजेसाहेबांच्या आनंदासाठी काढतो एवढंच. आपल्याकडे लग्न ठरवताना मुलाच्या निर्व्यसनीपणाच्या ग्वाह्या मित्र देतात, तसंच ते. आता पुन्हा चित्राकडे बघा. छातीवर 'हा हाताने कमावत नाही' असं सांगणारा क्रूस, आणि त्याच माणसाच्या हातात कुंचला, दुसऱ्या हातात रंगांची पाटी. त्याने कुंचला पुसून टाकला नाही. माझा त्याच्यावरचा निम्मा राग तिथेच उतरतो.

हात घटकाभर बाजूला ठेवू, कारण चेहऱ्यावरूनही, नुसत्या हसण्यावरून, गहजब झाला तो पॅरिसात. एलिझाबेथ व्हिजे-लब्रूं, राणी मारी आंत्वानेतची आवडती चित्रकार. 1787 मध्ये तिने लेकीला कुशीत घेतलेलं स्वतःचं चित्र प्रदर्शनात लावलं आणि त्यात, बाई गं, दात दिसत होते! किंचित उघडे ओठ, आत पांढरी रेघ. तेवढ्यावर दरबारी कुजबुज छापणाऱ्यांनी लिहिलं, की कलावंत आणि रसिक सगळेच या नखऱ्याचा निषेध करताहेत आणि प्राचीनांत याला आधार नाही. तोंड उघडं म्हणजे दारुडा, वेडा किंवा गावंढळ, असा तेव्हाचा संकेत. दोन वर्षांत क्रांती झाली. बाई लेकीला घेऊन इटलीला पळाल्या, आणि 1790 मध्ये फ्लॉरेन्सच्या उफ्फिझीसाठी पुन्हा स्वतःला काढलं. हातात कुंचले, समोरच्या कॅनव्हासवर पॅरिसात अडकलेली राणी, आणि ओठ पुन्हा विलग. हिला म्हणतात खोड.

तो ऐंशीवाला डच राहिलाच. रेम्ब्रांट. तरुणपणी आरशात डोळे वटारून, तोंड वाकडं करून काढलेली त्याची छोटी छापचित्रं बघितली की शाळकरी पोरांची आठवण येते. पैसा आल्यावर थाट सुरू. 1640 मध्ये त्याने स्वतःला शंभर वर्षं जुन्या मोठमोठ्या बाह्यांच्या कपड्यात काढलं, इटालियन उस्तादांच्या ढंगात. घर घेतलं, उधारी घेतली, आणि 1656 मध्ये दिवाळं निघालं. सामानाचा लिलाव झाला. त्याच्या मुलाने, तितुसने, एक आबनुसी चौकटीचा आरसा लिलावातून सोडवला, आणि हमालाच्या डोक्यावरून नेताना वाटेतच त्याची काच फुटली. आपल्याकडे आजीने लगेच अंगारा लावला असता. यांनी काय केलं? दुसरा आरसा मिळवला आणि चित्र सुरू.

लंडनच्या केनवुडमध्ये त्याचं म्हातारपणाचं एक चित्र आहे. डोक्यावर पांढरी टोपी, अंगावर कामाचे कपडे, मागच्या भिंतीवर दोन वर्तुळं, जी कशाची ते कुणी ठामपणे सांगू शकलेलं नाही. क्ष-किरणांखाली दिसलं, की आधी त्याने कुंचल्याचा हात आरशात दिसतो तसाच रंगवला होता आणि मग बदलला. शेवटी हाताच्या जागी उरलेत ते चार-सहा घाईचे फटकारे. बोटं नाहीतच. नाकावरच्या सुरकुतीला इतका वेळ दिला आणि हाताला दिला नाही. ड्यूररच्या हातमोज्यांना हे उत्तर असावं, असं मला वाटतं. तज्ज्ञांनी रागावू नये.

आपल्याकडे हे खूळ नाही, असं कुणी म्हणू नका. अमृता शेरगिल 1934 मध्ये पॅरिसात बसून स्वतःला ताहितीची बाई म्हणून रंगवते. वय एकवीस, वडील पंजाबी शीख, आई हंगेरियन, आणि ताहिती तिने कधी पाहिलेलंही नाही! चित्रकार गोगँने रंगवलेल्या तिथल्या बायका तिने अंगावर ओढून घेतल्या. दोन्ही हात मात्र पुढे एकावर एक घट्ट धरलेत. त्याच वर्षाअखेर ती हिंदुस्थानात परत आली. आणि सालिगावचा आपला फ्रान्सिस न्यूटन सोझा? 1949 मध्ये मुंबईतल्या प्रदर्शनात त्याने स्वतःचं नागडं चित्र टांगलं. तक्रार झाली, चित्र उतरलं, पोलीस झडतीला घरी गेले. त्याच वर्षी त्याने लंडनची बोट पकडली. ख्रिस्तासारखा कॉलर धरून बसलेला चालतो, कपडे काढलेला चालत नाही.

नणंदेला मी हे सगळं फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, 'वहिनी, तुमच्या लायब्ररीच्या कार्डावर तो निळा कोट कुणाचा आहे?'

कोट फोटोवाल्याचा. कॉम्प्युटरवर चिकटवलेला, वर टायसुद्धा. त्या दिवशी मी घरच्या गाऊनवर ओढणी टाकून गेले होते. फोटो पासपोर्ट साइजचा, त्यामुळे हात त्यात आलेले नाहीत.