शिमला राजकोटला, सुरतेला नुसता पाऊस

सुरतेत बर्फ पडतो तो गोळ्यापुरता, तोही रंध्यावर घासून, वर काला खट्टा ओतून. तरी पारा जरा घसरला की लिंबायतपासून अडाजणपर्यंत माकडटोप्या निघतात आणि दुपारी बाराला त्याच टोपीतून घाम गळतो.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. सकाळपासून अवकाळी कोसळत होता आणि मोबाइलवर राजकोट-मोरबीकडचे व्हिडिओ येत होते. हायवे पांढराशुभ्र, गाड्या आडव्यातिडव्या उभ्या, माणसं गारा मुठीत वळून एकमेकांना मारताहेत. खाली मथळा : 'शिमला विसरा!' आमच्या वाट्याला काय, तर चिखल. शेजारचे वराछात हिरे घासणारे काठियावाडी काका सोमवारी जिना असे उतरले, जणू एव्हरेस्टवरूनच येताहेत. "अमारे त्यां तो बरफ पड्यो!" काका स्वतः रविवारी सुरतेतच होते, हा तपशील गौण.

आम्ही खानदेशी मागे राहतो काय? लगेच आपला माल बाहेर काढला. सातपुड्यात डाबला दव गोठतं, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसतात. हिवाळा लागला की मराठी वर्तमानपत्रांत ही बातमी ठरलेलीच : गाडीच्या टपावरून खरवडलेला चमचाभर बर्फ आणि तो धरलेला तळहात, चार कॉलमी. रात्री जमीन उघड्या आभाळाखाली हवेपेक्षाही गार पडते, म्हणून पारा शून्याच्या वर असताना गवतावरचं दव गोठतं. पण हे सांगितलं की पर्यटन मरतं.

राजकोटात पडलं तेही हिम नव्हे. हिमाला ढगापासून जमिनीपर्यंत गारठा लागतो. गारेला तशी अट नाही. गडगडाटी ढगात वर चढणारा वारा पाण्याचे थेंब उचलून नेतो, ते गोठतात, थरावर थर चढतात आणि वजन पेलेनासं झालं की ढग खाली टाकून देतो. त्याच दिवशी वीज पडून गुजरातेत वीसहून जास्त माणसं गेली. तो व्हिडिओ आमच्या ग्रुपवर कुणी टाकला नाही.

संध्याकाळी निफाडकडच्या मामांना फोन लावला. शिमल्याचा मूड होता, म्हणून विचारलं, "मामा, तुमच्याकडे पडला का बर्फ?"

"गारा पडल्या. बाग झोपली."

"पंचनामा?"

"तलाठी येईल, कृषी सहायक येईल. तेहतीस टक्के नुकसान दिसलं तर मदत. बत्तीस भरलं तर म्हणे तुमचं नशीब चांगलं." मामा हसले. द्राक्षवाल्याचं ते हसू मला नीट ठाऊक आहे, म्हणून मी पुढचं काही विचारलं नाही.

मग त्यांनी फोटो पाठवला. वेलींखाली सरीभर गारांचा सडा, त्यात तुटलेले घड, कोवळे हिरवे मणी अर्धे गारांत रुतलेले. कडेला मामांची चप्पल. मी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत सतरा अंगठे आले, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या भाभींचा प्रश्न : "केटलुं सरस! कयुं हिल स्टेशन छे? पॅकेज मळे?"