एकाकी चित्ता आणि बाकीचे आपण

केनियातल्या मसाई माराचा फोटो कसा असतो, हे आता अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. सोनेरी गवत, वारुळावर बसलेली चित्त्याची मादी, मागे दूर एकच बाभूळ आणि खाली ओळ : 'एकांत'. हा एकांत टिपायला पंचवीस-तीस गाड्या लागतात. दहा-बारा गाड्यांतही भागतं म्हणा, पण तो स्वस्तातला, पावसाळी सवलतीतला एकांत.

नियम असा आहे की एका जनावराभोवती पाचच गाड्या असाव्यात आणि मागे कुणी ताटकळत असेल तर दहा मिनिटांत जागा सोडावी. नियम उत्तमच आहे. अडचण एवढीच की तिथे पोचलेली प्रत्येक गाडी स्वतःला त्या पाचांतलीच धरते. बरं, बोलायचं कुणाला? परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर या काळात दिवसाचे 200 डॉलर मोजूनच आत सोडतात. एवढे पैसे मोजलेला माणूस चित्त्याला पाठ दाखवून निघेल, ही अपेक्षा निदान आपल्याकडून कुणी करू नये. ठाण्याचे काका तर 'सिंह कितीला पडला' याचा हिशेब रोज संध्याकाळी तंबूत मांडतात. पहिल्या दिवशी फार महाग पडला होता, तिसऱ्या दिवशी परवडायला लागला.

तयारी मात्र दाद देण्यासारखी. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराकडे उडणाऱ्या छोट्या विमानात माणशी पंधरा किलो सामान चालतं, तेही हातातली पिशवी धरून. 600 मिलिमीटरची लेन्स एकटीच तीन किलोंची. त्यात दोन कॅमेरे, बॅटऱ्या, चार्जर, लॅपटॉप. मग लेन्स काकूंच्या बॅगेत जाते आणि काकूंचे कपडे ठाण्यात राहतात. चिवड्यावर तडजोड नाही. 2017 पासून केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी असल्याने तो स्टीलच्या डब्यात भरावा लागतो, आणि डब्याचं वजन कुणाच्या खात्यावर टाकायचं यावरून विमानतळावर जे होतं, त्याचा फोटो मात्र कुणी काढत नाही.

आणि एवढा जामानिमा कशासाठी? तर सिंह दिवसाचे अठरा-वीस तास झोपतो म्हणून. आजचा कॅमेरा जनावराचा डोळा आपणहून हुडकतो आणि सेकंदाला तीस फोटो काढतो. सिंहाचा डोळा मिटलेला असतो, त्यामुळे कॅमेरा जरा गोंधळतो, पण बोट काही थांबत नाही. एका मिनिटाच्या झोपेचे अठराशे फोटो. त्यातला कुठला ठेवायचा, हे ठरवताना काका घरी आल्यावर स्वतः झोपत नाहीत.

पक्ष्यांची पाळी बिबट्या दिसला नाही की येते. तेही पाहुणे वैतागल्याचं पाहून गाइडनेच काढलेला तोडगा. माराच्या काटेरी झुडपांवर लायलॅक-ब्रेस्टेड रोलर बसतो, जांभळ्या छातीचा आणि निळ्या पंखांचा. आपल्या नीलपंखाचा सख्खा भाऊबंद. नीलपंख सोलापूरच्या वाटेवर विजेच्या तारेवर बसलेला असतो, तेव्हा आपण गाडीची काच वर करून एसी वाढवतो. इथे त्याच घराण्यातल्या पक्ष्यासाठी गाडी अर्धा तास थांबते. तिकीट काढून पाहिलेला पक्षी नेहमीच जास्त निळा असतो.

खरी जत्रा मात्र मारा नदीवर. जुलै ते ऑक्टोबर विल्डबीस्टचे कळप नदी ओलांडतात. एकदाच नव्हे; इकडून तिकडे, तिकडून इकडे, पाऊस आणि गवत जसं नेईल तसं. काठावर येऊन ते तासन्‌तास उभे राहतात, पुढचा मागच्याकडे बघतो, मागचा पुढच्याला ढकलतो, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेसारखे काहीही न ठरवता परततात. एवढा वेळ पाण्यात मगर थांबलेली असते आणि झुडपांआड गाड्या. पहिल्याने उडी घेतली की सगळी इंजिनं एकदम सुरू होतात. मगर आपल्या जागेवरून हलत नाही, तिला शिस्त आहे. 2025 च्या जुलैत शेजारच्या टांझानियात, सेरेंगेटीत, पर्यटक चक्क गाड्यांतून उतरून काठावर उभे राहिले आणि कळपाची वाट अडली. त्याचा व्हिडिओ जगभर फिरला, जगभरातल्या लोकांनी संताप व्यक्त केला, आणि 'हे नक्की कुठल्या पॅकेजमध्ये येतं' अशी चौकशीही कुणीतरी केलीच असणार.

चित्त्याचं दुखणं वेगळं. सिंह आणि तरसांशी गाठ नको म्हणून तो दिवसाढवळ्या शिकार करतो, त्यातही सकाळी आणि उतरत्या उन्हात. नेमका तेव्हाच प्रकाश चांगला असतो! वायरलेसवर गाइड एकमेकांशी स्वाहिलीत बोलतात, पण दुसऱ्या दिवसापर्यंत आपल्या काकांना 'दुमा' म्हणजे चित्ता एवढी स्वाहिली येते, आणि भोंग्यातून 'दुमा' ऐकू आला की ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप पडते. मादी गवतात दबा धरते. आपण तिच्या आणि हरणाच्या बरोबर मध्ये उभे राहतो, कारण तिथून दोघांचे चेहरे येतात. हरीण निघून जातं. तिची पिल्लं उपाशी राहतात आणि आपल्याला 'आई आणि पिल्लं' हा विषय मिळतो.

माराच्या चित्त्यांवरचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटक कमी असलेल्या भागात एका वेतातली सरासरी दोनाहून जास्त पिल्लं मोठी होऊन आईपासून सुटी झाली होती. गर्दीच्या भागात पाच वेतांमागे जेमतेम एक. यातलं बरं तेवढं बघायचं तर पिल्लं जितकी कमी, तितका एकाकी चित्त्याचा फोटो सोपा. उद्या फ्रेममध्ये लुडबुडायला कुणी उरणारच नाही.

गाड्यांचा प्रश्न तर फोनने केव्हाच सोडवला आहे. बोटाने गोल काढला की लँड क्रूझर नाहीशी होते, तिच्या जागी गवत उगवतं. माराच्या जमिनीवर चाकांखाली गेलेलं गवत इतक्या झटपट येत नाही. परतल्यावर काकांनी ग्रुपवर 'एकांत' टाकला. बत्तीस अंगठे आले, अकरा हात जोडलेले आले, एका वहिनींनी 'देवाची करणी' असं लिहिलं. मग त्याच सहलीतल्या, मागच्या गाडीतल्या डोंबिवलीकरांचा निरोप आला : "काका, फोटो जबरदस्त! फक्त डाव्या कोपऱ्यात आमच्या गाडीचा आरसा राहिलाय, तेवढा खोडून घ्या. तुम्हाला आम्ही आमच्या फोटोतून कालच खोडलंय."