नूतन घरमालकांस अनाहूत उपदेश

सेवानिवृत्तीच्या सुमारास मनुष्याच्या हाती भविष्यनिर्वाह निधीची रक्कम एकदम पडते, आणि नेमक्या त्याच सुमारास कोणी न विचारता उपदेश करण्याचे सामर्थ्यही त्याच्या ठायी प्रकट होते. पहिलीच्या बळावर तो दुसरी सदनिका विकत घेतो आणि दुसऱ्याच्या बळावर इतरांनाही ती घ्यावयास लावतो. आमच्या परिचयातील ज्या ज्या सद्गृहस्थांनी वाकड, बावधन, उंड्री अशा पुण्याच्या चतुःसीमेवरील स्थळी गुंतवणूक म्हणून घर घेतले, त्या सर्वांच्या मनश्चक्षूंपुढे एकच चित्र तरळत असते: आपण आरामखुर्चीत पाय पसरून बसलो आहोत, महिन्याची एक तारीख उजाडली आहे, आणि कोणी एक नम्र, मितभाषी, निर्व्यसनी इसम आपण होऊन भाड्याची रक्कम आपल्या खात्यावर जमा करीत आहे. हे चित्र सर्वस्वी असत्य आहे असे मी म्हणणार नाही. त्यातील आरामखुर्ची खरी आहे.

हिशेबाची गोष्ट आधी सांगतो, म्हणजे ती ऐकून निम्मे वाचक मुदतठेवीकडे वळतील आणि उरलेल्यांशी मोकळेपणी बोलता येईल. ऐंशी लाखांची सदनिका घेतली आणि तिला दरमहा वीस हजार भाडे आले, तर वर्षाचे 2,40,000 रुपये होतात. म्हणजे शेकडा तीन. त्यातून गृहनिर्माण संस्थेची देखभाल वर्गणी दरमहा 3,000 प्रमाणे 36,000, महापालिकेचा मिळकतकर 12,000, एक भाडेकरू गेल्यापासून दुसरा येईपर्यंत घर ओस राहणार तो एक महिना, म्हणजे 20,000, आणि नळ, गीझर, रंग व ज्यांची नावे आगाऊ सांगता येत नाहीत अशा अन्य आपत्ती यांपोटी आणखी 12,000 वजा केले की हाती 1,60,000, अर्थात शेकडा दोन, शिल्लक राहतात. दलालाची एक महिन्याची दलाली मी अद्याप धरलेलीच नाही. प्राप्तिकर खाते मात्र या प्रकरणी अनपेक्षित औदार्य दाखविते: भरलेला मिळकतकर वजा जाता जे भाडे उरते, त्यातून शेकडा तीस रकमेची सूट एकही पावती न मागता मिळते. घराची किंमत वाढते हा मुद्दा कोणीतरी उपस्थित करील. ती वाढते, यात शंका नाही. परंतु घर विकेपर्यंत त्या वाढीचा उपयोग लग्नसमारंभात जेवणाच्या रांगेत उभे असता सांगण्यापुरताच होतो.

ज्यांस ही सदनिका कर्ज काढून घ्यावयाची आहे, त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की साठ लाखांच्या वीस वर्षे मुदतीच्या कर्जास साडेआठ टक्के व्याजाने महिन्याचा हप्ता 52,000 रुपयांच्या घरात जातो, आणि भाडे वीस हजार येते. ‘भाड्यातूनच हप्ता परस्पर फिटेल’ असे आश्वासन देणारा विक्रेता भेटल्यास त्याच्याकडून ते मुद्रांकित कागदावर लिहून मागावे. चहा संपण्यापूर्वी संभाषणाचा विषय बदलतो.

मुद्रांकाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पुणे शहरात खरेदीखतावर शेकडा सात मुद्रांकशुल्क पडते आणि नोंदणीचे कमाल 30,000. म्हणजे आमच्या ऐंशी लाखांच्या उदाहरणात 5,90,000 रुपये, अर्थात पहिल्या दोन वर्षांच्या सबंध भाड्याहून अधिक रक्कम सरकारने आपल्याआधीच वसूल केलेली असते. खरेदीदार स्त्री असेल तर शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. या सवलतीपोटी आमच्या कुटुंबात जी सत्तांतराची घटना घडली तिचे वर्णन विस्तारभयास्तव टाळतो; मालकीण हिच्या नावे दस्त झाला, एवढे सांगितले तरी पुष्कळ आहे. तेव्हापासून त्या मिळकतीसंबंधीच्या व्यवहारात माझा दर्जा काहीसा जुन्या संस्थानातील कारभाऱ्यासारखा आहे: सल्ला मागितला जातो, आणि निर्णय कळविला जातो.

घर पाहावयास गेलेला मनुष्य प्रथम फरशी पाहतो, मग स्वयंपाकघराचा ओटा पाहतो, खिडकीतून दिसणारी टेकडी पाहतो (तेथे लवकरच चौदा मजली इमारत होणार असते), आणि भोगवटा प्रमाणपत्र मात्र पाहात नाही. हा क्रम उलटा असावा. बांधकाम चालू असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक, जुने घर असेल तर वकिलाकडून गेल्या तीस वर्षांचा शोध अहवाल, सूची क्रमांक दोनचे उतारे, संस्थेचे भागपत्र, आणि आधीच्या मालकाने कर्ज फेडल्याचा बँकेचा दाखला, इतके कागद हाती आल्याखेरीज इसार देऊ नये. शहराबाहेर गुंठ्या-दोन गुंठ्यांचे रम्य तुकडे विकणारी मंडळी असतात. त्यांच्या रंगीत नकाशावरील कारंजी सोडून सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ या रकान्याकडे दृष्टी लावावी, कारण मनुष्याच्या चरित्राप्रमाणे जमिनीचे चरित्रही तिच्या मुख्य मजकुरापेक्षा शेऱ्यांतूनच अधिक कळते. शिवाय जो शेतकरी नाही त्यास परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही, ही गोष्ट 1948 च्या कूळकायद्यापासून चालत आली असूनही शहरी खरेदीदारास ती दरवेळी नवी वाटते.

कूळकायद्याचे नाव घेतले की आमच्या पिढीतील लोक अद्याप आवंढा गिळतात. दिनांक 1 एप्रिल 1957 रोजी जमीन कसणारी कुळे कायद्याने मालक मानली गेली. न्यायाच्या दृष्टीने ते रास्तच होते, पण ज्या घरांत त्यापूर्वी खंडाचे तांदूळ येत असत, तेथे ‘दुसऱ्यास दिलेली वस्तू परत येत नाही’ हा सिद्धांत संध्याकाळच्या परवच्याबरोबर मुलांस पढविला जाऊ लागला. त्यात मुंबईची भर पडली. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने तेथील जुन्या घरांचे प्रमाणभाडे 1 सप्टेंबर 1940 च्या भाड्याशी जखडून ठेवले आणि ते पुढे दशकानुदशके तसेच राहिले. चाळमालक वसुलीस येई तो भाड्याची रक्कम नेण्यास येई की परंपरा टिकविण्यास, हे सांगणे कठीण झाले. अखेर 1997 साली सर्वोच्च न्यायालयानेही हे गोठलेले भाडे आता वाजवी राहिले नाही असा अभिप्राय दिला, आणि 31 मार्च 2000 पासून नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा अमलात आला. या सर्व इतिहासाचा परिणाम असा की आजचा नवा घरमालक भाडेकरूला भितो. त्याच्या मते घर भाड्याने देणे म्हणजे ते हळूहळू गमावणे. वास्तविक ‘कसेल त्याची जमीन’ या धर्तीवर ‘राहील त्याचे घर’ असा कायदा अद्याप झालेला नाही, आणि नव्या कायद्याने तर त्याच्या हाती एक उत्तम शस्त्र दिले आहे. ते तो सोळाशे रुपये वाचविण्यासाठी वापरीत नाही, इतकेच.

ते शस्त्र म्हणजे नोंदविलेला अनुज्ञप्तीचा करार, ज्यास व्यवहारात सर्वजण लीव्ह अँड लायसन्स म्हणतात. मुदत संपूनही घर न सोडणाऱ्यास या कायद्याच्या चोविसाव्या कलमाने दुप्पट रक्कम भरावी लागते, आणि त्यासाठी दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या न झिजविता सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. उलट करार लेखी व नोंदणीकृत नसेल तर पंचावन्नाव्या कलमान्वये अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय नोंदणीची जबाबदारी मालकाची असल्यामुळे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड यांचा लाभही त्यासच होऊ शकतो. अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही, ही समजूत 1908 च्या नोंदणी कायद्यातील एक वर्षाच्या मर्यादेवरून रूढ झाली. आता महाराष्ट्रात तिला आधार उरलेला नाही, तरी अकरा महिने मात्र सुटलेले नाहीत. शुल्क तरी किती? वीस हजार भाडे, साठ हजार अनामत आणि अकरा महिने मुदत असेल तर पाव टक्क्याच्या हिशेबाने मुद्रांकाचे सुमारे सहाशे रुपये, आणि शहरात नोंदणीचे एक हजार. अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र घेऊन माणूस घरी येतो, तेव्हा रिक्षाचे भाडेही वाचते. ऐंशी लाखांची मिळकत अनोळखी हाती सोपविताना एवढ्या रकमेसाठी घासाघीस करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांतील बहुतेक सुशिक्षित होते.

करार झाला की गृहनिर्माण संस्था उभी राहते. आदर्श उपविधींप्रमाणे तिला पूर्वसूचना व कराराची प्रत द्यावयाची असते, संमती मागावयाची नसते. ही गोष्ट सचिवांस सांगण्यासाठी मात्र आपण त्या इमारतीत राहात नसणे सोयीचे असते. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा शासनाचा आदेश 1 ऑगस्ट 2001 चा आहे. त्याची एक प्रत जवळ बाळगावी. समितीच्या सभासदांस भाडेकरू हवा असतो तो विवाहित, शाकाहारी, निःशब्द, वाहनरहित आणि शक्यतो अनुपस्थित. अविवाहित तरुणांविषयी तर त्यांच्या मनात विलक्षण धास्ती असते. आमच्या सदनिकेत तीन अविवाहित संगणक अभियंते राहतात. ते स्वयंपाक करीत नाहीत, त्यामुळे ओटा अद्याप विक्रेत्याने दाखविला तसाच आहे. भिंतीत खिळे ठोकीत नाहीत, कारण टांगण्यासारखे त्यांच्यापाशी काही नाही. आणि दिवसा घरी नसतात. याच्या उलट, अत्यंत कुलीन कुटुंबाने घर सोडले की देव्हारा, झोपाळा आणि कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्या यांची भोके मोजण्यास पंचनामाच करावा लागतो.

भाडेकरूची खातरजमा करावयाची तर त्याच्या सांप्रतच्या घरमालकास विचारू नये, कारण त्याला तो जावयास हवा असल्यास तो त्याची मुक्तकंठाने स्तुती करील. त्याच्या आधीच्या मालकास विचारावे, ज्याचा स्वार्थ संपलेला असतो. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी. ताबा देताना प्रत्येक भिंतीचे, नळाचे आणि वीजमीटरच्या आकड्याचे छायाचित्र घेऊन यादीवर उभयतांच्या सह्या घ्याव्या, म्हणजे अनामत परत करताना पुरातत्त्वविषयक वाद उद्भवत नाहीत. आणि भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडण्याचा जो पराक्रम काही मालक सुचवितात, तो नव्या भाडेनियंत्रण कायद्याने गुन्हा आहे. चावी जवळ आहे म्हणून न कळविता घरात जाऊन गॅलरीतील कुंड्यांची विचारपूस करणे हे गुन्हा नसले तरी अशोभनीय आहे, आणि घरमालकीचा सर्व सूक्ष्म आनंद यातच आहे अशी पुष्कळांची समजूत असल्यामुळे मुद्दाम नमूद करतो. नळ मात्र निरोप येताच त्या दिवशी दुरुस्त करावा. जो मालक पहिल्या पावसातली गळती दिवाळीपर्यंत ‘पाहू’ म्हणतो, त्याचा भाडेकरू दसऱ्याला सोडून जातो, आणि रिकाम्या महिन्याचे वीस हजार हे प्लंबरच्या बिलाहून नेहमीच मोठे असतात.

जाता जाता एक विज्ञापना. आमच्या तिन्ही अभियंत्यांपैकी एकाचे लग्न ठरले असून उरलेल्या दोघांनी त्याच्या आधाराविना राहणे अशक्य असल्याचे कळविले आहे. सबब ती सदनिका पुढील महिन्याच्या अखेरीस रिकामी होत आहे. गीझर चालू स्थितीत आहे, अनामत तीन महिन्यांची, नोंदणीचा खर्च निम्मा निम्मा. आहार, जात, धर्म आणि वैवाहिक स्थिती यांविषयी काहीही विचारले जाणार नाही. आधीच्या घरमालकाचे नाव मात्र विचारले जाईल. इच्छुकांनी मालकीणबाईंशीच बोलावे. करारनाम्यावर माझी सही साक्षीदार क्रमांक दोन म्हणून असते.