समस्याधारित व्हिडिओ: समस्या टाळून कसा बनवाल?

केंद्रप्रमुखांचा निरोप व्हॉट्सॲपवर येतो: समस्याधारित अध्यापनाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ, उद्याच्या शिक्षण परिषदेत दाखवायचा. पहिलीच वेळ असेल तर घाबरू नका.

सगळं समस्येच्या निवडीवर आहे. ही पद्धत रुजली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत, १९६९ साली. तिथे आधी रुग्णाची तक्रार पुढे ठेवायची आणि आपल्याला काय माहीत नाही, हे विद्यार्थ्यांच्या छोट्या गटाने शोधायचं. आपल्याला इतकं खोलात शिरायचं कारण नाही. ‘पाणी वाचवा’ घ्या. त्यात कोणी चुकूच शकत नाही.

५२ – २७ च्या वाटेला मात्र जाऊ नका. तिसरीतलं एखादं पोर फळ्यावर ३५ लिहील. कसं आलं विचारलंत तर ठणकावून सांगेल, “सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.” हातचा विसरला म्हणून सोडूनही देता येत नाही, कारण त्याने नियम पाळलाय. मोठ्यातून लहान वजा करायचं, हे आपणच त्याच्याकडून घोकून घेतलं. मोठा अंक खाली असला तर काय, हे सांगायचं राहिलं. हा तुकडा परिषदेत दाखवलात तर दुपारभर वाद होईल. एक बाई म्हणतील, दहा काड्यांचा गठ्ठा सोडायला लावा. दुसरे गुरुजी म्हणतील, आधी २७ मध्ये ३५ मिळवून बघू दे, ६२ आले की त्याचं त्यालाच कळेल. तिसरे विचारतील, मग ४५ – २३ त्याला कसं जमतं? चहा गार होईल, विषयपत्रिका तशीच राहील. तेव्हा ३५ दिसताच ‘कट’ म्हणा, पोराला बाजूला घेऊन उत्तर सांगा आणि पुन्हा शूट करा. दुसऱ्या टेकला २५ येतं, वर्ग तालात टाळ्या वाजवतो.

मोबाईल आडवा धरा. पंखा बंद, नाहीतर पाच मिनिटं पंखाच ऐकू येतो. पालकांची संमती आधी घ्या (हा सल्ला मी गंभीरपणे देतोय). हुशार मुलं पुढे बसवा आणि कॅमेरा स्वतःवर ठेवा. मुलांच्या वह्यांवर तो चुकूनही नेऊ नका, तिथे काहीही लिहिलेलं असतं. सुरुवातीला प्रेरणा, मार्गदर्शन आणि संकल्पना यांची नावं बासरीच्या साथीने सोडली की एक मिनिट तसंच निघून जातं.

आता आभासी साधनं. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ संचात विद्युत मंडलाचा खेळ आहे. सेल, बल्ब, वायर पडद्यावर ओढून जोडायचे. भलतंच जोडलं तर सेल पेट घेतो, शाळेचं नुकसान शून्य. प्रशिक्षणात तो प्रोजेक्टरवर सुलभकानेच चालवावा. शिक्षकांच्या हाती देऊन ‘एक सेल, एक बल्ब आणि एकच वायर, लावा दिवा’ म्हणू नये. ‘माइंड्स ऑफ अवर ओन’ या १९९७ च्या अमेरिकी माहितीपटात हाच उद्योग एमआयटीच्या ताज्या पदवीधरांना करायला लावला होता. अंगात पदवीदानाचा झगा, हातात सेल, आणि कित्येकांचा दिवा लागेना. असली फिल्म प्रशिक्षणात लागली, तर लोक खरोखर विचार करू लागतात आणि वेळापत्रक कोलमडतं.

बी.एड.ला केलेलं सूक्ष्म अध्यापन आठवत असेल, तर ते विसरा. ३६ मिनिटांच्या त्या चक्रात शिकवायला दोनदा सहा-सहा मिनिटं. उरलेली २४ प्रत्याभरणात आणि पाठ नव्याने बांधण्यात जायची. आपला व्हिडिओ बघण्यासाठी नाही, लिंक भरण्यासाठी आहे.

ऑनलाइन सत्रात शेवटी छोट्या गटांत चर्चेला पाठवतात. तिथे पहिली काही मिनिटं ‘सर, आवाज येतोय का’ यात जातात, उरलेली अहवाल कोण सांगणार यात. धोका एकच. एखादा खट साधनव्यक्ती तुमचा व्हिडिओ मध्येच थांबवून विचारतो, “मागच्या बाकावरचा तो मुलगा खोडरबरने काय पुसतोय?” अशा वेळी कॅमेरा बंद करा आणि चॅटमध्ये लिहा: रेंज नाही.