चाचणीसर

‘काय सर, बरं चाललंय ना?’ असं विचारलं तर साधा माणूस ‘हो’ म्हणतो. चाचणीसर थबकतात, चष्मा वर करतात आणि विचारतात, ‘कशाच्या तुलनेत?’

सोलापुरातल्या विजापूर रोडच्या आमच्या कॉलनीतून सर रोज सकाळी मोटारसायकलला किक मारतात आणि मोहोळ तालुक्यातल्या एका वस्तीवर जातात. तिथे जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. पट अठरा, शिक्षक दोन, त्यातले एक सतत कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणाला. सरांचं खरं नाव हजेरीपटावर असेल. मुलांनी ‘चाचणीसर’ म्हणायला सुरुवात केली, मग पालक म्हणू लागले आणि आता केंद्रप्रमुखही शिक्षण परिषदेत चुकून तेच म्हणून जातात.

प्रयोगशील गुरुजींची ही जात जिल्ह्यात आधीपासून होती. तिला बहर आला डिसेंबर २०२० मध्ये. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी ‘ग्लोबल टीचर प्राइझ’चे मानकरी ठरले. बक्षीस दहा लाख डॉलरचं, म्हणजे सात कोटींच्या घरातलं. गुरुजींनी त्यातलं निम्मं अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटायचं जाहीर केलं आणि सोलापूरकरांची छाती दुसऱ्यांदा फुगली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालण्याची त्यांची कल्पना तोवर सगळीकडे पोचली होती. चाचणीसरांनी ती आणखी पुढे नेली. त्यांनी शाळेच्या हातपंपावर क्यूआर कोड चिकटवला. तो स्कॅन केला की पाण्याचं महत्त्व सांगणारा व्हिडिओ लागणार होता. पंपाला पाणी नव्हतं आणि व्हिडिओला रेंज नव्हती, त्यामुळे दोन्हींचं महत्त्व मुलांना आपोआप पटलं.

सरांचं खरं प्रेम मात्र कृतिसंशोधनावर. शिक्षकानं आपल्याच वर्गातली एखादी अडचण हेरावी, तिच्यावर उपाय करून बघावा, गुण आला का ते मोजावं. कल्पना शहाणपणाची आहे. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञानं ती १९४०च्या दशकात अमेरिकेत मांडली, स्टीफन कोरी यांनी १९५३च्या पुस्तकातून ती शाळेत नेली. आपल्याकडे ती डी.एड., बी.एड.च्या अभ्यासक्रमातून आणि नवोपक्रम स्पर्धांतून रुजली, आणि रुजताना तिला स्पायरल बाइंडिंग लागलं. समस्येचं विधान, गरज व महत्त्व, उद्दिष्टं, परिकल्पना, नमुना, कार्यवाही, निष्कर्ष, परिशिष्टं आणि शेवटी रंगीत फोटो. फोटोत मुलं कॅमेऱ्याकडे बघत ‘कृतीत मग्न’ असतात.

सरांच्या फायली वेळापूरच्या ‘डाएट’पर्यंत, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेपर्यंत जातात. विषय कधी जोडाक्षरं, कधी हातच्याची वजाबाकी, कधी दुपारच्या सुट्टीनंतर येणारी मरगळ. काहीही असो, पूर्वचाचणीत वर्गाची सरासरी ३५च्या आसपास असते आणि उत्तरचाचणीत ८५च्या. मधे तीन आठवडे आणि पुठ्ठ्याचं एक चक्र. ‘सर, कधी उलटं झालं नाही का?’ मी एकदा विचारलं. ‘उलटं झालं तर नवोपक्रम कसला?’ सर म्हणाले. पटलं मला. परिकल्पना सपशेल पडली असं प्रांजळपणे लिहिलेला शिक्षकाचा अहवाल माझ्या तरी पाहण्यात नाही. वैद्यकशास्त्राला हा यशाचा आकडा कळला तर ते पुठ्ठ्याच्या चक्राकडे वळेल.

मूल्यमापनात तर सरांची गादी पक्की आहे. २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीला वर्षभर चालणारं आकारिक ७० टक्के आणि सत्राअखेरचं संकलित ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०. आकारिकाची आठ साधनतंत्रं: दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि उरलेलं सगळं ‘इतर’मध्ये. शिवाय प्रत्येक मुलाची, प्रत्येक विषयात वर्णनात्मक नोंद. मुलाला एका आकड्यात बंद करू नये, त्याच्याबद्दल चार वाक्यं लिहावीत, हा त्यामागचा विचार मला आजही सुंदर वाटतो. झालं असं की ती चार वाक्यं लवकरच तयार मिळू लागली. आधी छापील पुस्तिका, मग पीडीएफ. कॉपी करा, चिकटवा, मुलाचं नाव बदला. वर्षअखेरीला अख्ख्या तालुक्यातली मुलं एकाच वेळी ‘कविता तालासुरात म्हणतात’.

चाचणीसर पीडीएफ वापरत नाहीत. त्यांच्या नोंदी हस्तनिर्मित असतात आणि त्या वाचायची एक सवय लागते. मधल्या सुट्टीत कुंपणावरून उडी मारून चिंचेच्या झाडाकडे पळणाऱ्या पोराची नोंद: ‘परिसरातील घटकांविषयी विशेष कुतूहल’. शेजाऱ्याला उत्तरं दाखवणारीची: ‘सहाध्यायांना स्वयंप्रेरणेने मदत करते’. गावातल्या थोरामोठ्यांच्या शिव्या जशाच्या तशा उच्चारणाऱ्याची: ‘ऐकलेला मजकूर आशयासह पुन्हा सांगतो’. यात एकही अक्षर खोटं नाही, आणि मराठी गद्याचा हा प्रकार वाङ्मयाच्या इतिहासात यायला हवा असं माझं प्रामाणिक मत आहे.

घरी सुटका वहिनींचीही नाही. रात्री ताटात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि आमटी येते. सर घास घेतात, डोळे मिटतात. ‘आमटीत प्रगती आहे. चटणीत सातत्य आहे. तिखटपणा मात्र पदनिश्चयन श्रेणीवर...’

‘अहो, श्रेणी राहू दे. सिलिंडर संपलाय, नंबर लावा आधी.’

‘लावतो. पण गेल्या महिन्यात किती दिवस पुरला त्याची नोंद ठेवली होतीस का?’

यानंतर वहिनी जे म्हणतात त्याची वर्णनात्मक नोंद होऊ शकत नाही.

सरांचा गाजलेला प्रयोग भागाकाराचा. कुठल्याशा कार्यशाळेत कोणीतरी त्यांना सांगितलं की नियंत्रित गटाशिवाय संशोधन कच्चं. सरांनी अठराचे नऊ-नऊ केले. नऊ जण वर्गात, नव्या पद्धतीनं शिकणारा प्रायोगिक गट. उरलेले नऊ बाहेर कडुनिंबाखाली, शुद्धलेखन काढत. त्यांना प्रयोगाच्या हितासाठी भागाकार शिकवायचा नव्हता. मार्च महिना, सोलापूरचं ऊन, वीज गेलेली, म्हणून खिडक्या सताड उघड्या. सर आत खडे वाटत होते, गाणं म्हणत होते, मधेच फोटोसाठी सगळ्यांना थांबवत होते. तीन आठवड्यांनी उत्तरचाचणी झाली आणि कडुनिंबाखालच्यांनी आतल्यांना मागे टाकलं. आतल्यांना सर दिसत होते. बाहेरच्यांना नुसता भागाकार ऐकू येत होता.

दुसरा कोणी खचला असता. सरांनी रात्रभर वाचन केलं. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून असेच प्रयोग झाले होते. दिवे वाढवले तर कामगारांचं काम वाढलं, दिवे मंद केले तरी वाढलं, कारण आपल्याकडे कोणीतरी लक्ष देतंय हेच त्यांना पुरेसं होतं, अशी ती कथा सांगितली जाते. (पुढच्या अभ्यासकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून या कथेवर बरीच शंका घेतली आहे. ते मी सरांना सांगितलेलं नाही.) सर हरखले. ‘म्हणजे काहीही केलं तरी सुधारणा होते!’ दिवे मंद करायचं काम आमच्याकडे महावितरण बघतंच. सरांनी शीर्षक बदललं आणि अहवाल ‘गवाक्ष-श्रवण अध्यापन पद्धती’ या नावानं पुढे पाठवला. आता खिडकीबाहेर बसायला मुलांची भांडणं होतात.

त्याच्या आदल्या वर्षी आणखी एक गोष्ट घडली. ती कुठल्याच फायलीत नाही. नोव्हेंबरात बीडकडची ऊसतोड टोळी वस्तीजवळ उतरली आणि तिच्यातली एक अकरा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला काखेत घेऊन शाळेच्या दारात उभी राहिली. वजाबाकी मांडता येईना. पण कारखान्याच्या वजनकाट्याची पावती हातात दिली तर भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन ती तोंडी उणं करायची आणि बापाचे किती टन झाले ते सांगायची. काट्यावर फसवतात का, हे घरात तीच बघायची. सरांनी दोन महिने पुस्तक मिटून ठेवलं. पावत्या गोळा केल्या. गुरुजींच्या खुर्चीत ती, समोर बाकीची पोरं. दशांश चिन्ह वस्तीवर पहिल्यांदा कोणाला खरोखर कळलं असेल तर त्या थंडीत. फोटो काढायचं सर विसरले, चाचणी घ्यायचंही विसरले. मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपला, टोळी निघून गेली. त्या वर्षीच्या अहवालात नमुन्याच्या प्रकरणात एक ओळ आहे: ‘वगळलेले विद्यार्थी: १. कारण: पूर्वचाचणी उपलब्ध नाही.’

‘सर, तेच लिहायचं ना!’ मी म्हटलं.

‘कुठल्या रकान्यात?’ त्यांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

अलीकडे सर जास्तच उत्साहात असतात. राज्याच्या पायाभूत आणि संकलित चाचण्या आहेतच, त्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. आपली शाळा चौथीपर्यंतच आहे, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

गेल्या जुलैत मी त्यांच्यासोबत शाळेवर गेलो होतो. सरांनी नव्या संशोधनाच्या प्रश्नपत्रिका वाटल्या. चौथीतल्या एका पोरानं पेन्सिल उचलली, परत ठेवली आणि हात वर केला.

‘सर, ही पूर्वचाचणी हाय का उत्तरचाचणी?’

‘का रे?’

‘म्हंजे किती चुकवायचं ते कळतंय की.’

वर्ग शांत. सरांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग खिशातून पेन काढून नोंदवही उघडली आणि त्याच्या नावापुढे सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: ‘मूल्यमापन प्रक्रियेत जाणीवपूर्वक सहभाग घेतो.’