तान अमेरिकेत, सम जपानमध्ये

२०१३ साली कॅनडाचा अंतराळवीर ख्रिस हॅडफिल्ड याने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात तरंगत, गिटार छेडत डेव्हिड बोवीचं ‘स्पेस ऑडिटी’ गायलं. गाण्याचा व्हिडिओ इंटरनेटवर ठेवायची परवानगी होती एका वर्षाची. मे २०१४मध्ये मुदत संपली आणि व्हिडिओ मुकाट उतरवावा लागला. नवा करार होऊन तो परतायला नोव्हेंबर उजाडला. अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर संसार केलेल्यांना यात नवल ते काय!

खरी गंमत या स्थानकाविषयी देशादेशांत झालेल्या १९९८च्या करारात आहे. स्थानकाचा कप्पा ज्या देशाच्या नावे नोंदलेला, तिथे त्याच देशाचा बौद्धिक संपदा कायदा. म्हणजे अमेरिकी कप्प्यात तान घेतली आणि तरंगत जपानी कप्प्यात समेवर आलात, तर खटला कुठे चालवायचा? त्यातून तिथे दिवसाला सोळा सूर्योदय. आपल्या वकिलांना हे कळू देऊ नका, तेवढ्या तारखा मागतील.