अंगणातला केर

कोकणातल्या माणसाला झाडे लावता येतात, असा आमच्या घरात एक जुना समज आहे. खरे तर कोकणात झाड लावावे लागतच नाही. उगवू नये म्हणून खटपट करावी लागते. बँकेने माझी बदली जोधपूरला केली तेव्हा हा समज आम्ही सामानात बांधून घेतला. सोबत चार कुंड्या होत्या: मोगरा, अबोली, जास्वंद आणि आईने कोंबलेला मिरीचा वेल. चिपळूणला जुलैत आठ-दहा दिवसांत जेवढा पाऊस कोसळतो तेवढा जोधपूरला अख्ख्या वर्षाला पुरवावा लागतो, हे मला ठाऊक होते. मिरीच्या वेलाला ते कुणी सांगितले नसावे. एप्रिल सरायच्या आत चौघेही गेले. जास्वंदीने शेवटच्या आठवड्यात एक कळी काढली होती, पण ती उघडली नाही. बाहेर डोकावून पाहिले असेल आणि बेत रद्द केला असेल.

शेवटची कुंडी रिकामी करताना शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी मला पाहिले. सगळी गल्ली त्यांना 'बासा' म्हणे, म्हणून आम्हीही.

"साहब, यहाँ का कुछ लगाओ," ते म्हणाले. "केर लगाओ."

मी आत येऊन हे जाहीर केले. "केर लावा?" हिने झाडू हातातच धरून विचारले. "मी रोज सकाळी काढतेय तो काय आहे मग?"

केर म्हणजे केर-सांगरीच्या भाजीतला केर. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा आणि केर म्हणजे या झुडपाची मिरीपेक्षा बरीच मोठी, गोल, हिरवी, कच्ची फळे. (आमच्या मिरीचा वारस असा भलत्याच कुळातून निघाला.) झुडपाला पाने जवळजवळ नसतात. कोवळ्या फुटव्यावर बारीकशी येतात आणि लगेच गळतात. पानांचे काम हिरव्या काड्याच करतात. जिथे पाने असायला हवीत तिथे काट्यांच्या जोड्या. हेच ते संस्कृतातले करीर. त्याला पाने नाहीत यात वसंताचा दोष नाही, असे भर्तृहरीने नीतिशतकात म्हटले आहे. वसंत सुटला. त्या खटल्यात माळ्याचे नाव आलेच नव्हते, ती उणीव मी भरून काढली.

आधी अभ्यास म्हणून मेहरानगडाच्या पायथ्याचे राव जोधा उद्यान पाहून आलो. तिथल्या खडकाळ माळावर वेड्या बाभळीने ठाण मांडले होते. २००६ पासून ती मुळासकट उपटून तिथे मारवाडची मूळची झाडे लावली गेली. मुळे खडकात घुसलेली, म्हणून खडक फोडणारे खंडवालिया लोक बोलावले. ही माणसे दगडावर हातोडा मारून नुसत्या आवाजावरून सांगतात, कुठे भेग आहे, कुठे छिन्नी लागेल. मी भारावून गेलो. घरी आल्याबरोबर अंगणातल्या खडकावर हातोडा मारून कान लावून बसलो. सगळीकडून एकच आवाज आला. तिसऱ्या दिवशी मात्र वेगळा आवाज आला, तो दुपारी झोपणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या बाईंचा होता.

अखेर गवंड्याकडून खड्डा करून घेतला आणि रोपवाटिकेतून वीतभर केर आणून लावला. बासांनी एकच सूचना दिली: "पहले थोड़ा पानी, फिर भूल जाओ."

भूल जाओ! मोरीतले पाणी आळ्यात सोडणाऱ्या घराण्यात माझा जन्म. संध्याकाळी हातात झारी नसेल तर मला जेवण जात नाही. तरी मी ठरवले, आठवड्यातून एकच तांब्या. रोप महिन्याभरात कुजले. तेव्हा चौकशी झाली आणि कबुलीजबाब बाहेर पडले. मी सकाळी एक तांब्या 'आठवड्याचा' म्हणून रोजच घालत होतो. ही दुपारी तांदूळ धुतलेले पाणी ओतत होती, कारण ते पौष्टिक. आणि भांडीवाली जाताना उरलेली बादली रिकामी करत होती, कारण बिचारे फारच वाळलेले दिसत होते. थरच्या वाळवंटात आम्ही तिघांनी मिळून एक झुडूप बुडवून मारले.

दुसरे रोप पाणी न घालता मारले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मग आम्ही नाद सोडला. बागेकडे पाठ फिरवल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात, कुंपणाच्या भिंतीला लागून, जिथे आम्ही फुटक्या कुंड्या रचल्या होत्या तिथे चार हिरव्या काड्या वर आल्या. पलीकडच्या मोकळ्या प्लॉटमध्ये केराचे जुने जाळे होते. त्याचे मूळ भिंतीखालून येऊन आमच्याकडे फुटले होते. मी बासांना अभिमानाने दाखवले. "आपने लगाया?" त्यांनी विचारले. मी नुसता हसलो. त्यातून हो असा अर्थ निघत असेल तर माझा इलाज नाही.

त्या थंडीत आई आली. दुसऱ्याच सकाळी खराटा घेऊन अंगणात उतरली आणि काड्यांपाशी थांबली.

"अरे, हे काय ठेवलंयस कोपऱ्यात?"

"केर आहे तो, आई."

"दिसतंय मला. मग काढायला काय होतं?"

मी धावेपर्यंत तिने हात घातला होता. पुढची दहा मिनिटे मी आणि ही मिळून तिचा पदर काट्यांतून सोडवत होतो. बोटातला काटा काढून झाल्यावर आई म्हणाली, "चिवट आहे हो." आईकडून ही प्रशस्ती मला अजून मिळालेली नाही.

तिसऱ्या वर्षी मार्चच्या अखेरीस त्या नागड्या काड्यांवर विटकरी लाल फुले आली. पान एक नाही, आणि फुलांचे झुबके. एक शिंजीर सकाळभर तिथेच लटकलेला. पुन्हा मुक्कामाला आलेली आई परडी घेऊन निघाली. देवांना इतके दिवस दुकानातला झेंडू होता. तेवढ्यात भिंतीवरून बासांचे डोके वर आले.

"माजी, फूल मत तोड़ो! अचार कहाँ से आएगा?"

आई थबकली. देव की लोणचे? घरात मी हा प्रश्न कधी तिच्यापुढे इतका उघडा पडलेला पाहिला नव्हता. ती बराच वेळ फुलांकडे पाहत राहिली, मग बासांकडे. अखेर तिने एकच फूल खुडले.

केर निघाले एकोणीस. बासांच्या सांगण्यावरून आईने कडूपणा जाण्यासाठी ते मिठाच्या पाण्यात भिजत घातले, रोज पाणी बदलले, आणि मग मोहरी घालून लोणचे केले. बरणी साखरेच्या डब्याएवढी आणि लोणचे तळाशी. त्यातले सहा बासांकडे पाठवले, एक माझ्या पानात वाढला.

"कसा झालाय?" आईने विचारले.

"अजून जरा कडू आहे."

"पाणी कमी पडलं असेल," ती म्हणाली, आणि झारी घेऊन अंगणात गेली.